पाठ दुखते, तेव्हा नेमके काय दुखते?

‘मणक्यात गॅप आली आहे.’ हे वाक्य ज्या घरात कधीच उच्चारले गेले नाही, असे घर महाराष्ट्रात शोधावे लागेल. एमआरआयच्या फिल्मची ती भलीमोठी पिशवी कपाटावर, लग्नाच्या अल्बमशेजारी ठेवलेली असते. एखादा पाहुणा ‘माझीही कंबर हल्ली...’ असे म्हणाला, की ती खाली उतरते, फिल्म खिडकीच्या उजेडात धरली जाते आणि ‘हे बघा, एल फोर-एल फाइव्ह’ असे बोट ठेवून दाखवले जाते. शरीरशास्त्राच्या वाटेला कधी न गेलेल्या माणसालाही आपल्या या दोन मणक्यांचे नंबर मात्र तोंडपाठ असतात.

या वाक्याची गंमत अशी, की ते वस्तुस्थितीच्या नेमके उलट आहे. वयानुसार मणक्यांमधल्या चकतीतले पाणी कमी होते, तिची उंची घटते आणि दोन मणक्यांमधली जागा वाढत नाही, उलट आकसते. ‘गादी सरकली’ याचेही तसेच. चकती काही साबणाच्या वडीसारखी निसटत नाही. वरच्या आणि खालच्या मणक्याला ती घट्ट जोडलेली असते. ती फुगते, कधी तिचे बाहेरचे कडे फाटून आतला मऊ भाग डोकावतो. पण ‘गॅप’ आणि ‘सरकली’ हे दोन शब्द कानावर पडले, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मडक्यांची डगमगती उतरंड उभी राहते. एक मडके हलले तर सगळीच कोसळणार! त्या दिवसापासून तो माणूस वेगळा वाकतो, वेगळा बसतो, वेगळा झोपतो.

गेल्या तीस-चाळीस वर्षांत पाठदुखीवर जे संशोधन झाले, त्यातले बरेचसे या उतरंडीच्या चित्राविरुद्ध साक्ष देणारे आहे. तीन महिन्यांहून अधिक काळ टिकलेल्या जुनाट पाठदुखीत बहुसंख्य रुग्णांच्या मणक्यात बोट ठेवून ‘हेच कारण’ असे सांगता येत नाही, आणि दुखणे टिकवून धरण्यात मेंदूचा, मनाचा आणि त्यातही भीतीचा वाटा मोठा असतो, असा त्याचा रोख आहे. मन आणि शरीर यांना एकत्र धरून उपचार करणारी जी पद्धत आता पुढे आली आहे, ती या पायावर उभी आहे. हे सांगितले की रुग्ण हमखास दुखावतो. ‘म्हणजे मी ढोंग करतो की काय?’ असे विचारतो. त्याच्या या प्रश्नाला उत्तर आहे. पण त्याआधी त्या फिल्मकडे वळू.

१९९४ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांची पाठ अजिबात दुखत नव्हती अशा ९८ जणांचे एमआरआय काढण्यात आले होते. त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणांच्या, नेमके सांगायचे तर ५२ टक्क्यांच्या, किमान एका चकतीला फुगवटा होता. सर्व चकत्या निर्दोष असलेले फक्त ३६ टक्के निघाले. पुढे २०१५ साली अशा अनेक अभ्यासांची एकत्र मोजदाद झाली. पाठीची कसलीही तक्रार नसलेल्या विशीतल्या ३७ टक्के लोकांत चकतीची झीज दिसली आणि ऐंशीच्या घरातल्यांत तर ९६ टक्क्यांत! म्हणजे ‘डिजनरेशन’ हा भारदस्त शब्द रिपोर्टात छापून आला, तरी पुष्कळदा त्याचा अर्थ केस पांढरे झाले एवढाच असतो. पांढऱ्या केसांची फिल्म काढून कोणी कपाटावर ठेवत नाही.

रिपोर्टातले शब्द निरुपद्रवी असते तर गोष्ट वेगळी. कोइमतूरच्या गंगा हॉस्पिटलमधले मणक्याचे सर्जन डॉ. एस. राजशेखरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ साली एक साधा पण बोलका प्रयोग प्रसिद्ध केला. कंबरदुखीच्या ४४ रुग्णांचे त्यांनी दोन गट केले. एका गटाला एमआरआयचा अहवाल अक्षरशः समजावून सांगितला. दुसऱ्याला ‘वयानुसार दिसणारे किरकोळ बदल आहेत, बाकी सगळे ठीक आहे’ असे सांगून धीर दिला. उपचार दोघांना सारखेच. सहा आठवड्यांनी पाहिले, तर ज्यांना अहवाल शब्दशः सांगितला होता त्यांच्या मनात पाठीविषयी अधिक धास्ती होती, त्यांचे दुखणे कमी उतरले होते आणि हालचालही मागे राहिली होती. औषध तेच, मणके तसेच. फरक होता तो सांगितलेल्या वाक्यांत.

वाक्याने पाठ कशी दुखेल? आपल्या सगळ्यांच्या डोक्यात दुखण्याचे जे चित्र आहे ते साडेतीनशे वर्षांपूर्वीचे, देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाचे आहे. पायाला विस्तव लागला, की तिथली दोरी ओढली जाते आणि वर मेंदूत घंटा वाजते. इजा मोठी तर घंटा मोठी, इजा नाही तर घंटा नाही. हिशेब सरळ आहे, आणि ताज्या जखमेपुरता तो बऱ्यापैकी चालतो. तो कोलमडला रणांगणावर. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर काम केलेले अमेरिकन डॉक्टर हेन्री बीचर यांनी गंभीर जखमी झालेल्या २१५ सैनिकांची नोंद ठेवली आणि १९४६ साली ती प्रसिद्ध केली. ‘दुखते आहे का, औषध देऊ का?’ असे विचारल्यावर होय म्हणणारे होते जेमतेम एक चतुर्थांश. तेवढ्याच मोठ्या शस्त्रक्रियेतून उठलेला साधा नागरिक मात्र वेदनाशामक मागत राहतो. बीचर यांनी काढलेला अर्थ असा, की सैनिकाच्या लेखी ती जखम म्हणजे आघाडीवरून सुटका, जिवंत घरी जाण्याचे तिकीट. नागरिकाच्या लेखी ते संकट.

याची उलटी बाजू १९९५ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने छापली. बांधकामावरच्या एका तरुणाने खाली उडी मारली ती १५ सेंटिमीटर लांबीच्या खिळ्यावर. खिळा बुटातून आरपार वर आलेला. वेदना इतकी, की खिळा जरा हलवला तरी सहन होईना. गुंगीचे औषध द्यावे लागले. बूट कापून काढला, तेव्हा दिसले की खिळा दोन बोटांच्या मधून गेला होता. पायाला ओरखडासुद्धा नव्हता.

आता सांगा, तो तरुण ढोंग करत होता का? मुळीच नाही. त्याला झालेली वेदना शंभर टक्के खरी होती. त्याच्या मेंदूने डोळ्यांनी पाहिलेला पुरावा तोलला, ‘पाय फुटला’ असा निवाडा दिला आणि त्या निवाड्याचे नाव वेदना. रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल या दोघांनी १९६५ साली मांडलेल्या सिद्धांतापासून विज्ञान हेच सांगत आले आहे. पाठीचा कणा आणि मेंदू मिळून येणाऱ्या संदेशांना वाट देतात किंवा अडवतात, मोठे करतात किंवा लहान करतात. वेदना ही दोरीची ओढ नसून पहारेकऱ्याची हाळी आहे. पहारेकरी चोर पाहून ओरडतो, तसा कधी सावली पाहूनही ओरडतो.

जुनाट पाठदुखीत बहुधा असे होते, की पहारेकरी जागाच राहतो. उसण भरली, लचक भरली, ती काही आठवड्यांत उतरायला हवी. स्नायू आणि अस्थिबंध तेवढ्या काळात बऱ्यापैकी भरून येतात. पण मधल्या काळात मज्जासंस्था हळवी झालेली असते. पूर्वी ज्या हालचालीकडे तिचे लक्षही जात नव्हते, तिलाही ती आता धोका मानू लागते. शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात वानिया अपकारियन यांच्या गटाने नव्याने पाठ दुखू लागलेल्या लोकांच्या मेंदूची चित्रे वर्षभर पुनःपुन्हा काढली. ज्यांचे दुखणे टिकले, त्यांच्यात वेदनेशी निगडित हालचाल मेंदूतल्या संवेदनेच्या केंद्रांकडून भावनांच्या केंद्रांकडे सरकलेली दिसली. दुखणे तेच, पण मेंदूतले त्याचे घर बदललेले. आतापर्यंत ‘मनाचे’ आणि ‘शरीराचे’ अशी जी वाटणी आपण करत आलो, ती या चित्रांपुढे टिकत नाही.

या पहारेकऱ्याला खाऊ घालते ती भीती. आपल्या घरांत ती कशी वाढते हे पाहण्यासारखे आहे. कंबर धरली, की पहिला सल्ला येतो तो ‘वाकू नका’. मग जमिनीवर बसणे बंद होते. पाट जातो, पंगत जाते, पूजेला खुर्ची येते. खाली पडलेली वस्तू उचलायला नातवाला हाक मारली जाते आणि त्याच नातवाला उचलून घेणे मात्र वर्ज्य ठरते. गादी काढून फळी येते. कमरेला पट्टा येतो आणि तो घरातही सुटत नाही. गावाला एसटीने जाणे बंद, कारण शेवटच्या सीटवर धक्के बसतात. स्कूटर विकली जाते. यांतली प्रत्येक गोष्ट सुटी पाहिली तर शहाणपणाची वाटते. सगळी मिळून मात्र त्या बाईचे जग एका खोलीएवढे होते. न वापरलेले स्नायू दुबळे होतात आणि दुबळे स्नायू थोड्या कामाने दुखतात. दुखले की ‘बघा, वाकले म्हणून झाले’ अशी खात्री पटते. वेदनेपेक्षा वेदनेच्या धास्तीनेच माणूस अधिक अडतो, असे हे चक्र मानसशास्त्रज्ञांनी आता नीट मांडलेले आहे.

अंथरुणाला खिळून राहण्याच्या सल्ल्याचे तर बारा वाजून जमाना झाला. १९८६ सालीच अमेरिकेत रिचर्ड डेयो यांच्या चमूने दाखवून दिले होते, की दोन दिवसांची विश्रांती सांगितलेले रुग्ण सात दिवसवाल्यांपेक्षा कमी दिवस कामावर गैरहजर राहतात आणि बाकी काही तोटा होत नाही. १९९५ साली फिनलंडमध्ये हेलसिंकी महापालिकेच्या कर्मचाऱ्यांवर अभ्यास झाला. काहींना अंथरूण, काहींना खास व्यायाम आणि काहींना ‘झेपेल तेवढी रोजची कामे करत राहा’ एवढाच सल्ला. सगळ्यांत लवकर बरे झाले ते हे तिसरे. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने १९९७ पासून टीव्हीवर जाहिराती केल्या, ‘पाठ दुखते म्हणून पडून राहू नका’. लोकांच्या समजुती बदलल्याच, पण डॉक्टरांच्याही बदलल्या आणि कामगारांचे पाठदुखीचे भरपाईचे दावे कमी झाले. शेजारच्या न्यू साउथ वेल्समध्ये जाहिराती नव्हत्या, तिथे समजुती होत्या तशाच राहिल्या. आपल्याकडे पल्स पोलिओ घरोघरी पोहोचवणारी यंत्रणा आहे. पाठीसाठी तसे काही करावे असे अजून कोणाच्या मनात आलेले दिसत नाही.

भीतीखेरीज आणखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे जगण्यातला ताण. बोइंग या विमाने बनवणाऱ्या कंपनीतल्या ३,०२० कर्मचाऱ्यांवर सुमारे चार वर्षे लक्ष ठेवले गेले. निष्कर्ष १९९१ साली आले. पाठदुखीची तक्रार कोण करणार याचा अंदाज कशावरून यावा? वजन किती उचलतो, कणा किती लवतो, यावरून तो फारसा बांधता आला नाही. ‘मला माझे काम क्वचितच आवडते’ असे म्हणणाऱ्यांनी मात्र, काम आवडणाऱ्यांच्या अडीच पट प्रमाणात पाठीच्या इजेची नोंद केली.

आता डॉ. जॉन सार्नो यांच्याविषयी. मन आणि पाठ यांची सांगड घालणाऱ्यांत इतका लोकप्रिय आणि इतका वादग्रस्त माणूस दुसरा झाला नाही. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या रस्क पुनर्वसन संस्थेत ते प्राध्यापक होते. रोज पाठदुखीचे रुग्ण तपासताना त्यांच्या लक्षात आले, की फिल्ममधला दोष एकीकडे आणि दुखणे भलतीकडे, असा प्रकार वारंवार घडतो. शिवाय हे रुग्ण बहुतेक एका घडणीचे: कर्तव्यदक्ष, काटेकोर, सगळ्यांचे सगळे निगुतीने करणारे आणि स्वतःचा राग गिळणारे. सार्नो यांनी निदान केले ते असे: दाबलेला संताप वर येऊ नये म्हणून मेंदू लक्ष दुसरीकडे वळवतो, स्नायूंचा रक्तपुरवठा किंचित घटवतो आणि पाठ दुखू लागते. १९९१ साली आलेले त्यांचे ‘हीलिंग बॅक पेन’ प्रचंड खपले. त्यांचा उपचार म्हणजे मुख्यतः व्याख्यान! आधी तपासून गंभीर आजार नाही याची खात्री करायची; मग पट्टा, शेक, मालिश, फिजिओथेरपी सगळे बंद; पाठ धडधाकट आहे हे पटवून घ्यायचे आणि दुखू लागले की ‘मला आत्ता राग कशाचा आला आहे’ हे विचारायचे. पुस्तक वाचून बरे झालो, असे सांगणारी माणसे जगभर आहेत.

सार्नो २०१७ साली, चौऱ्याण्णव वर्षांचे होण्याच्या उंबरठ्यावर, वारले. त्यांचे अर्धे बरोबर होते असे मला वाटते. पाठ मुळात मजबूत आहे, धास्ती सोडली तर दुखणे उतरू शकते, हे त्यांनी तेव्हा सांगितले जेव्हा त्यांचे बरेच व्यवसायबंधू ऐकायला तयार नव्हते. पण रक्तपुरवठा घटल्याचा सबळ पुरावा त्यांनी दिला नाही, दाबलेल्या संतापाचाही नाही, आणि दोन गट करून तुलना करण्याची रीत तर त्यांनी जन्मभर टाळली. प्रत्येक पाठीमागे एक गिळलेला राग शोधायचाच, असे ठरवले की तो सापडतोच. सून-सासू एका घरात असताना तो सापडायला वेळही लागत नाही! तेवढ्याने पाठ त्याचमुळे दुखते, हे सिद्ध होत नाही.

सार्नो यांनी टाळलेले काम अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर इथल्या शाखेत झाले. योनी अशर, टोर वेगर आणि सहकाऱ्यांनी केलेला हा प्रयोग २०२१ साली ‘जामा सायकिअ‍ॅट्री’मध्ये आला. सरासरी दहा वर्षे पाठ दुखत असलेले १५१ लोक. त्यांचे तीन गट. एका गटाचे पूर्वीचेच उपचार चालू ठेवले. दुसऱ्याला पाठीत सलाइनचे इंजेक्शन दिले, तेही यात औषध नाही असे उघड सांगून. तिसऱ्या गटातल्या प्रत्येकाशी आधी डॉक्टर बोलले आणि मग चार आठवड्यांत आठ बैठका झाल्या. या उपचाराचे नाव ‘पेन रिप्रोसेसिंग थेरपी’. वेदनेचा अर्थ मेंदूला नव्याने लावायला शिकवणे, असे त्याला म्हणता येईल.

त्या बैठकांत काय होते? आधी रुग्णाच्या स्वतःच्या अनुभवातून पुरावे गोळा करतात. खुर्चीवर दहा मिनिटांत दुखणारी कंबर आवडत्या सिनेमाला तीन तास कशी टिकली? कामाच्या दिवशी दुखते ती सुटीत का नाही? मणका तर दोन्ही दिवशी तोच. मग डोळे मिटून दुखण्याकडे नुसते पाहायला सांगतात. कुठे आहे, कसे आहे, गरम की ओढल्यासारखे, हलते का. ते घालवायचे नाही, त्याच्याशी झुंजायचे नाही. ‘ही संवेदना आहे, इजा नाही’ एवढे स्वतःला सांगत कुतूहलाने पाहायचे. त्यानंतर ज्या हालचालीची भीती वाटते ती, वाकणे, बसणे, उचलणे, बैठकीतच करून पाहायची.

महिन्याच्या शेवटी तिसऱ्या गटातल्या ५० पैकी ३३ जणांची वेदना पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण गेली होती. इंजेक्शनवाल्यांत हे प्रमाण २० टक्के, पूर्वीचे उपचार चालू असलेल्यांत १० टक्के. वर्षभरानंतरही तिसऱ्या गटातले निम्म्याहून थोडे अधिक तसेच बरे होते. पाठीच्या जगात असे आकडे क्वचित दिसतात, म्हणून हुरळून जायला होते. पण जरा थांबावे. हे लोक बहुतेक सुशिक्षित, हिंडतेफिरते आणि मध्यम वेदनेचे होते आणि प्रयोग एकाच ठिकाणी झाला. त्या मानाने ऑस्ट्रेलियातला २०२३ सालचा, ‘लॅन्सेट’ने छापलेला अभ्यास मला अधिक मोलाचा वाटतो. त्यातल्या ४९२ जणांना पाठदुखीने चांगलेच जखडलेले होते. त्यांच्यावर उपचार केले ते मानसोपचारतज्ज्ञांनी नव्हे, खास प्रशिक्षण घेतलेल्या फिजिओथेरपिस्टांनी. दुखण्याचा अर्थ रुग्णाशी बोलून उलगडणे, धास्तीच्या हालचाली टप्प्याटप्प्याने परत आणणे आणि झोप-चालणे-कामाची घडी बसवणे, असे साताच्या आसपास भेटींत झाले. वर्षानंतरही फायदा टिकून होता. मानसोपचारतज्ज्ञ दुर्मीळ असले, तरी फिजिओथेरपिस्ट आपल्याकडे तालुक्याच्या गावीही मिळतो.

दुखण्याकडे नुसते पाहायचे, हे वाचून काहींना इगतपुरी आठवली असेल. ते बरोबरच आहे. अमेरिकेत जॉन कबात-झिन यांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्सच्या वूस्टर इथल्या वैद्यकीय विद्यापीठात ज्या दुखण्यापुढे डॉक्टरांनी हात टेकले होते असे रुग्ण घेऊन ध्यानाचा वर्ग सुरू केला, त्यात झेन, विपश्यना आणि हठयोग या तिन्हींचा अंश होता. इगतपुरीच्या धम्मगिरीवर तासभर मांडी न बदलता बसलेल्याला गुडघ्यातली कळ चढते, टोकाला जाते आणि पुष्कळदा आपोआप विरते, हा अनुभव सांगायला लागत नाही. (रोग बरा करून घ्यायला येऊ नका, असे तिथे आधीच बजावले जाते, हे चांगले आहे.) कबात-झिन यांच्या पद्धतीची सिएटलमध्ये ३४२ रुग्णांवर झालेली परीक्षा २०१६ साली प्रसिद्ध झाली. सहा महिन्यांनी रोजच्या हालचालीत लक्षणीय सुधारणा झालेले ध्यानाच्या गटात ६० टक्के, विचारपद्धती बदलणाऱ्या मानसोपचाराच्या गटात ५८ टक्के आणि नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत ४४ टक्के. फायदा आहे, चमत्कार नाही.

योगाचेही असेच. पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी दोऱ्या, पट्टे, लाकडी ठोकळे आणि खुर्च्या वापरून दुखऱ्या शरीरालाही आसनात बसवण्याची जी रीत घडवली, तिची अमेरिकेत ९० जणांवर परीक्षा झाली. २००९ सालच्या त्या अहवालानुसार वेदना आणि पंगुपणा कमी झाला, उदासीही उतरली. २०१७ साली बोस्टनकडे, बहुतांशी गरीब वस्तीतल्या ३२० रुग्णांत योगवर्ग फिजिओथेरपीच्या तोडीचा ठरला. पण २०११ सालचा २२८ जणांवरचा एक अभ्यास आपल्या अभिमानी मंडळींनी मुद्दाम वाचावा. त्यात योगवर्ग आणि साधा ताणाचा व्यायाम यांचा फायदा सारखाच निघाला. मला यात योगाचा कमीपणा दिसत नाही. कोणाच्या तरी देखरेखीखाली, न घाबरता, आठवड्यामागून आठवडे शरीर हलवणे हेच बहुधा त्यातले औषध आहे.

आता ‘मनाचे आहे’ या शब्दांविषयी. आपल्या भाषेत हा उपचार नाही, हेटाळणी आहे. विशेषतः बाई दुखते म्हणाली की घरात, आणि कधी कधी दवाखान्यातही, हे दोन शब्द तिच्या तोंडावर फेकले जातात आणि विषय संपतो. मन-शरीर उपचाराचा याच्याशी काडीचा संबंध नाही. तिथे पहिले वाक्य असते, ‘तुमची वेदना खरी आहे’, आणि मग तासन्‌तास ऐकणे असते. ज्याला ऐकायचे नाही त्याने या शास्त्राचा दाखला देऊ नये.

तसेच, भीती सोडा म्हणजे दुखणे जाईल, हे कोणाला सांगतो याचेही भान हवे. डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरून ट्रकात चढणाऱ्या ऊसतोड बाईला किंवा दिवसभर चिखलात वाकून भाताची लावणी करणारीला हे ऐकवणे उद्धटपणाचे होईल. तिची कंबर कामाच्या ओझ्याने दुखते आणि त्यावर ओझे कमी करणे हाच इलाज आहे. वेदना मेंदूत घडते, म्हणून मालकाची जबाबदारी संपत नाही.

आणि काही पाठींना आधी डॉक्टरच हवा. लघवी वा शौचावरचा ताबा सुटला, बैठकीच्या जागी बधिरपणा आला, पायातली शक्ती कमी होत चालली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. ताप, वजन घटणे, रात्री झोपेतून उठवणारे आणि कोणत्याही कुशीवर न थांबणारे दुखणे, पूर्वी झालेला कर्करोग, पडल्यानंतर सुरू झालेली कळ, यांतही तपासणी टाळू नये. आपल्या देशात मणक्याचा क्षयरोग आजही भेटतो. त्यावर ध्यान लावून बसणे म्हणजे आत्मघात. सार्नोसुद्धा आधी तपासत होते.

जगात २०२० साली ६१ कोटी ९० लाख माणसांची कंबर दुखत होती. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी पहिली मार्गदर्शक सूत्रे काढली. रुग्णाला समजावून सांगणे, व्यायाम आणि मानसोपचार यांना त्यात जागा आहे. कमरेचे पट्टे आणि वजन लावून ताणणे नेहमीच्या उपचारांतून वगळावे, असे म्हटले आहे. आपल्याकडे मात्र अजून कमरेच्या पट्ट्याशिवाय औषधाचे दुकान सापडत नाही. बाहेर चाळीस रुग्ण खोळंबले असताना डॉक्टर अर्धा तास बोलत बसणार कसा, हाही प्रश्न खोटा नाही. एमआरआय लिहून द्यायला एक मिनिट पुरते.

तपासणीत गंभीर काही नाही असे एकदा ठरले, की बरेचसे काम घरातच करता येते आणि त्याला कसले सामान लागत नाही. सुटलेल्या गोष्टींपैकी सर्वांत हवीहवीशी एक निवडावी. समजा, जमिनीवर बसणे. पहिले काही दिवस भिंतीला टेकून, उंच पाटावर, पाच मिनिटे. दुखले तर ते कसे दुखते हे पाहावे आणि ठरलेली पाच मिनिटे पुरी करून उठावे. दुखले नाही म्हणून पंधरा मिनिटे बसू नये. पुढच्या आठवड्यात सात. मग पाट बुटका. मग भिंत सोडून. एखाद्या दिवशी कळ येईल, त्या दिवशीही बसावे, हवे तर तीनच मिनिटे. पट्टा आधी घरात काढावा, मग वाण्याच्या दुकानापर्यंत जाताना, मग बाजारात. नातवाला उभ्याने उचलण्याआधी खाली बसून मांडीवर घ्यावे. त्याचे वजन दर महिन्याला थोडे थोडे वाढत असते, त्यामुळे पाठीला सराव आपोआप होतो.